विहारात मन मोकळं करायची बैठक कशी भरवावी

मी नागपूरच्या इंदोऱ्यात राहते. मनोविकार वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. आमच्या विहारात बायका आणि कॉलेजची पोरं महिन्यातून एकदा बसतात आणि जातीमुळे मनाला काय लागलं ते बोलतात. दुसऱ्या वस्त्यांतल्या ताई विचारतात, नेमकं करता काय? म्हणून लिहिते.

ही रीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून घेतली आहे. त्यांचं-आपलं नातं जुनं. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. तिथले कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ आणि वस्तीतले लोक मिळून अशी मंडळं चालवतात. आपण कमी आहोत हे खोटं डोक्यात कोणी भरलं, ते तिथे सगळ्यांसमोर बोलून बाहेर काढतात.

हे खोटं किती लवकर शिरतं पाहा. केनेथ आणि मेमी क्लार्क या तिथल्या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९४०च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, विचारलं, तर बऱ्याच जणांनी गोरी उचलली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही लेकरं रडायला लागली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या निकालात या प्रयोगाचा आधार घेतला गेला. पहिल्या बैठकीत मी हीच गोष्ट सांगते. ती ऐकली की आपल्या शाळेतलं आठवायला कोणाला आग्रह करावा लागत नाही.

बसायचं कसं? वंदना झाल्यावर, सतरंजीवर, गोल. आठ-दहा जणी पुरेत. बोलावणारीनेही खालीच बसायचं. फोन पिशवीत, फोटो नाही, ग्रुपवर एक ओळ नाही. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीला येणाऱ्या पाहुण्यांनी घरं आणि विहार भरलेले असतात, तेव्हा बैठक ठेवू नका.

'मन मोकळं करा' म्हटलं की कोणी बोलत नाही. साधा प्रश्न टाका: पूर्ण नाव सांगायला जीव कधी अडखळला? खोली भाड्याने पाहायला गेलेल्या पोरांकडे याचं उत्तर तयार असतं. घरमालकीण आधी हसून चहा विचारते, मग 'पूर्ण नाव काय म्हणाले तुम्ही?' आणि मग खोली अचानक कोणा भाच्यासाठी ठेवलेली निघते. पोरगं हे सांगताना खाली सतरंजीचे धागे ओढत असतं. सांगून झाल्यावर लगेच बोलू नका, थोडं थांबा. मग एवढंच म्हणा, "हे झालं ते चुकीचं झालं. तुझ्यात काही खोट नाही."

'तुझा गैरसमज असेल', 'दुर्लक्ष कर' ही वाक्यं बैठकीत बंद. 'शिकून दाखव' हेसुद्धा बंद, आणि यावर आमच्याकडे वाद झाला. आपण शिकलो म्हणून उभे राहिलो, हे खरंच आहे. पण ज्या पोरीला होस्टेलमध्ये रोज 'कोट्यातली' म्हणतात तिला आणखी अभ्यास कर म्हणणं म्हणजे तिच्याच डोक्यावर ओझं वाढवणं. आपल्या बायकांना तर रडायचीही मुभा नसते. "मले काय झालं, मी खंबीर हावो," असं म्हणत त्या रात्र-रात्र जागतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकाही हेच सांगतात: खंबीर म्हणून कौतुक होतं, आणि दुखणं कोणी विचारत नाही.

पुरुष येत नाहीत. तिकडे अमेरिकेत अर्कान्सास राज्यातून २०१६ साली सुरू झालेल्या कन्फेस प्रोजेक्ट या संस्थेने केस कापणाऱ्यांनाच गिऱ्हाइकाचं मन ऐकून घ्यायला शिकवलं. आपल्या चौकातला सलूनवाला, पानठेलेवाला यांच्याशी बोलून ठेवा. कोण गप्प झाला, कोणाची दारू वाढली, हे त्यांना आधी कळतं.

कोणी 'जगून काय करायचं' म्हणालं तर सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलतो. त्याला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या मनोविकार ओपीडीत स्वतः सोबत जा. दवाखान्याला नाही म्हणणाऱ्यावर चिडू नका. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरचा उपचार मुद्दाम दिला नाही, फक्त रोग कसा वाढतो ते पाहिलं. असा इतिहास असला की अविश्वासाला कारण असतं. आपल्या माणसालाही ओपीडीत कोणीतरी तुच्छतेने बोललेलं असू शकतं, ते आधी विचारा.

आणि बैठक म्हणजे तक्रारीला पर्याय नव्हे. अपमान करणारा मोकळा फिरत असेल तर नुसतं बोलून जखम भरत नाही. घडलं त्याच दिवशी वहीत तारीख, जागा, नेमके शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावं लिहून ठेवायला सांगा. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून केलेला अपमान लोकांच्या देखत झाला का, हे पाहिलं जातं, म्हणून साक्षीदार महत्त्वाचे. २०१८च्या दुरुस्तीनंतर एफआयआर नोंदवायला प्राथमिक चौकशीची अट नाही. ठाण्यात 'आधी चौकशी करू' म्हणाले तर त्या कायद्याचं कलम १८ क (इंग्रजीत 18A) दाखवा. तक्रार करायची की नाही हे मात्र ज्याचं त्यानेच ठरवायचं. हो म्हणाला तर ठाण्यात दोघं-तिघं बरोबर जा, आणि त्या रात्री त्याच्या घरी कोण थांबणार ते आधीच ठरवून घ्या.