व्हीआरएफ एसी: जोडीतले एक आऊटडोअर गेले, तर दुसऱ्यावर तात्पुरते कसे चालवायचे

व्हीआरएफ म्हणजे एकाच पाइपलाइनवर अनेक इनडोअर चालवणारा मोठा एसी. त्यात बऱ्याचदा दोन आऊटडोअर युनिट जोडीने चालतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना १० + १० एचपीच्या अशा जोडीतला एक कॉम्प्रेसर गेला, की पहिला हात त्या युनिटच्या एमसीबीकडे (वीज तोडणाऱ्या स्विचकडे) जातो. तेवढे करून भागत नाही. बहुतेक सिस्टिम कम्युनिकेशन एरर देऊन पूर्णच बंद पडतात. शिवाय गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हला स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) असते. वीज गेली की तो होता तिथेच थांबतो. उघडा राहिला, तर चालू बाजूचा गॅस बंद युनिटमध्ये जाऊन साठतो.

आधी एरर कोड लिहून घ्या आणि नेमके काय गेले ते ठरवा. फॅन मोटर किंवा इन्व्हर्टर बोर्ड गेला असेल, तर पुष्कळदा मास्टरच्या (जोडीतल्या मुख्य युनिटच्या) बोर्डावरची बॅकअप सेटिंग पुरते. त्यासाठी बोर्डावरचा कोणता डिप स्विच (सेटिंगचा बारीक स्विच) हलवायचा, ते त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने हलवू नका. कॉम्प्रेसर तपासायचा असेल, तर मेन बंद करून कुलूप लावा, किमान १० मिनिटे थांबा आणि कपॅसिटरवरचा डीसी व्होल्टेज उतरल्याची मीटरने खात्री करा. मग कॉम्प्रेसरच्या वायरी बोर्डावरून सोडवा आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा.

कॉम्प्रेसर जळालाच असेल, तर सिस्टिम थांबवून त्या युनिटचे लिक्विड आणि गॅस व्हॉल्व्ह बंद करा. दोन्ही युनिटमधले तेल सारखे ठेवणारी ऑइल इक्वलायझिंगची पाइप असेल तर तिचाही. हाच हमखास विसरतो आणि जळक्या तेलातले ॲसिड चांगल्या कॉम्प्रेसरपर्यंत पोचते.

आता आतला गॅस रिकव्हरी मशीनने काढा. द्रव गॅस दोन्ही बाजूंनी कोंडलेला उन्हात ठेवणे धोक्याचे आहे: फुगायला जागा उरली नाही, तर पाइप फुटते. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, वजन लिहून ठेवा. हा गॅस पुन्हा वापरू नका. रिकाम्या युनिटमध्ये कोरड्या नायट्रोजनचा हलका दाब ठेवा, म्हणजे दमट हवा शिरत नाही.

बंद पडलेले युनिट मास्टर असेल, तर इनडोअरकडून येणारी कम्युनिकेशन वायर चांगल्या युनिटवर घेऊन ॲड्रेसिंग (युनिटना क्रमांक देणे) पुन्हा करावे लागते.

सुरू करण्याआधी उरलेल्या युनिटची कॉइल धुवा. यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांजवळ सुताचा भुगा फिन्समध्ये नमद्यासारखा बसतो. इनडोअरही १० एचपीच्या आसपासच चालू ठेवा. रुग्णालयात आधी आयसीयू, मग बाकीचे. आर-४१०ए गॅसचा हाय प्रेशर ३३-३४ बारच्या वर चढत राहिला, तर उरलेल्या कॉइलला गॅस जास्त होतोय. वजनकाट्यावर थोडा थोडा काढा. बहुतेक मशिने ४० बारच्या आसपास ट्रिप होतात, तिथवर जाऊ देऊ नका.