फौंड्रीतून सुपरमार्केटात आलेल्या आयई (इंडस्ट्रियल इंजिनिअर) मंडळींनो, या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, आयई म्हणून काम केलेला माणूस किराणा रिटेलमध्ये आला की पहिल्याच आठवड्यात स्टॉपवॉच घेऊन कॅशियरच्या मागे उभा राहतो. ती पोरगी आधीच घाईत, त्यात हा मागनं आकडे लिहितोय. टाइम स्टडी, म्हणजे कामाला लागणारा वेळ मोजणं, करा की, पण मशीनचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) मशीन ठरवतं आणि इथला टाइम गिऱ्हाईक ठरवतं, हे डोक्यात ठेवून करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ॲव्हरेजवर काउंटर ठरवणे. महिन्याची बिलं भागिले तास केलं की दोन काउंटर पुरे दिसतात, पण पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी रांग पार तेलाच्या डब्यांपर्यंत जाते. आणि फौंड्रीत ९०% युटिलायझेशन, म्हणजे मशीन ९०% वेळ बिझी, म्हटलं की साहेब खूश, इथं तेच अंगलट येतं. एकच काउंटर धरला आणि गिऱ्हाईक कधीही, कितीही सामान घेऊन येतंय असं धरलं, तर ८०% बिझी असताना सरासरी थांबणं एका बिलाच्या वेळेच्या ४ पट असतं आणि ९०% ला थेट ९ पट. म्हणजे बिलाला २ मिनिटं लागत असतील तर ८ मिनिटांची १८ होतात, आणि १८ मिनिटं कोण थांबतंय, बास्केट तिथंच ठेवून लोक कोपऱ्यावरच्या दुकानात जातात.

बरं, रांग दिसली की लगेच नवीन काउंटर मागू नका. आधी बिल कुठं अडतंय ते बघा. एकाच बारकोडच्या साबणाचे जुने-नवे दोन एमआरपी रॅकवर असले की स्क्रीनवर कुठला एमआरपी ते विचारतं, मग कॅशियर वडी उलटी करून बारीक अक्षर वाचत बसते. नाहीतर सुट्ट्या शेंगदाण्यांना वजनाचं स्टिकरच नाही, मग कोणीतरी काट्याकडे पळतं. आठवडाभर कॅशियरजवळ एक कागद ठेवा, बिल अडलं की कारणापुढे एक रेघ मारायची, बास. जुना एमआरपी संपल्याशिवाय नवा माल रॅकवर लावायचा नाही एवढा नियम पाळला तरी बराच फरक पडतो.

सिस्टीमच्या स्टॉकवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सिस्टीममध्ये ६ पुडे, रॅकवर शून्य, आणि स्टॉक आहे म्हणून ऑटो ऑर्डर काय जात नाही. कारण काय, तर चार वेगळ्या फ्लेवरची बिस्किटं घाईत एकाच पुड्याचा बारकोड चार वेळा स्कॅन करून बिलात मारली. पावसाळ्यात पाघळलेला गूळ बाजूला काढला पण सिस्टीममध्ये डॅमेजला टाकलाच नाही. रोज खपणारा माल तीन दिवस शून्य सेल आणि तरी स्टॉक दाखवतोय, अशी यादी सकाळी काढायची आणि रॅकवर जाऊन हाताने मोजायचं.

फोरकास्टला मागचा महिना धरणं पण चालत नाही. इथं उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, म्हणजे मिरची, धने, सुकं खोबरं, तीळ, खसखस सगळं एकाच यादीत. मिरची भरपूर आणि खोबरं संपलं असं झालं की ते गिऱ्हाईक अख्खी यादी घेऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात जातं, मग तुमची मिरची तशीच पडून. वेगवेगळ्या आयटमची नाही, यादीची ऑर्डर लावा.

आणि लीनच्या, म्हणजे कमीत कमी स्टॉक ठेवायच्या, नादात जुलै-ऑगस्टमध्ये स्टॉक दोन दिवसांवर आणू नका राव. २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला पंचगंगेच्या पुरानं हायवे बंद पडला होता, तेव्हा गाड्या येणार कुठून? मीठ, तेल, डाळ, दूध पावडर असल्या टिकणाऱ्या मालाचा सेफ्टी स्टॉक (अडीनडीला ठेवलेला जादा माल) जूनमध्येच वाढवायचा, भाजी-ब्रेडचा नाही, आणि तो गोडाऊनमध्ये ठेवताना पोती खालच्या फळीवर ठेवायची, पण पाणी शिरणारी जागा सोडून.