ध्वनिशोषक पॅनेल कुठे लावायचे? आधी सरकवून पाहा, मग खिळा ठोका

स्पीकर चांगले असूनही खर्ज घुमतो, गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध ठरत नाही. मग पॅनेल आणली जातात आणि भिंतीवर जिथे जागा रिकामी दिसेल तिथे लावली जातात. पण तेच पॅनेल हातभर सरकले तरी ऐकू येणारा फरक वेगळा असतो. म्हणून सुरुवातीला काहीही कायमचे लावू नका. खुर्चीच्या पाठीला टेकवलेले किंवा खोक्यावर उभे केलेले पॅनेल प्रयोगाला पुरेसे आहे.

काय लागेल

६० × १२० सेंमी आकाराची चार ते सहा पॅनेल, त्यांतली निदान दोन १० सेंमी जाडीची. आत रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची गादी) असावे. वरचे कापड तोंडाला लावून त्यातून सहज श्वास घेता आला पाहिजे. न आल्यास आवाजही नीट आत शिरणार नाही. पॅनेल घरी भरणार असाल तर हातमोजे आणि मास्क घाला, तंतू खाजतात. शिवाय मास्किंग टेप, मोजपट्टी, हातात मावणारा आरसा, न ताणणारी दोरी, वही आणि एक मदतनीस.

अडीच सेंमी जाडीच्या फोमच्या लाद्यांनी भिंत भरू नका. त्या फक्त वरचे सूर गिळतात. घुमणारा खर्ज तसाच राहतो आणि खोली कोंदल्यासारखी वाटू लागते. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

१. आधी बैठक ठरवा

चुकीच्या जागी ठेवलेली खुर्ची कुठलेही पॅनेल सुधारत नाही. दोन स्पीकर आणि तुमचे डोके असा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर आणि दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या अंतरावर हव्यात. खुर्ची खोलीच्या लांबीच्या ऐन मध्यावर नको. ४.५ मीटर लांब खोलीत सर्वात खालचा अनुनाद (खोली स्वतःच फुगवते तो सूर) सुमारे ३८ हर्ट्झवर येतो. मध्यावर तो जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकून बसलात तर नको इतका येतो. समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा. हा आकडा म्हणजे नियम नव्हे, तिथून १०-१० सेंमी पुढेमागे सरकून पाहा.

आणखी एक हिशेब हाताशी असू द्या. ८६ ला भिंतीपासूनच्या अंतराने, मीटरमध्ये, भागा. जी वारंवारता येईल तिच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तो सूर क्षीण होतो, कारण भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेच्या उलट पडते. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून ६० सेंमीवर असेल तर सुमारे १४३ हर्ट्झ, ९० सेंमीवर असेल तर ९५. डोके आणि मागची भिंत यांनाही हेच गणित लागू आहे. दोन्ही अंतरे सारखी ठेवलीत तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडून खोल होतात.

२. मोकळ्या खोलीची नोंद

रूम इक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजून आलेख काढणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते. सोबत मोजणीचा मायक्रोफोन लागतो. तो डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवा. डावा, उजवा आणि दोन्ही मिळून अशा तीन मोजण्या घ्या. माइक नसेल तर ३० ते १२० हर्ट्झचे, एकेकाच वारंवारतेचे स्वर ५-५ हर्ट्झच्या टप्प्यांनी, आवाज बेताचा ठेवून वाजवा आणि कुठला फुगतो, कुठला गायब होतो ते लिहा. मग टाळी वाजवा. टाळीमागून फडफड किंवा झणझण ऐकू आली तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत.

३. आरसा आणि दोरी

तुम्ही खुर्चीत बसा. मदतनीस आरसा भिंतीला सपाट लावून ट्वीटरच्या उंचीवर हळूहळू सरकवेल. जिथे ट्वीटर दिसेल तिथूनच आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो; तिथे टेपची खूण. प्रत्येक बाजूच्या भिंतीवर दोन खुणा होतील, जवळच्या आणि लांबच्या स्पीकरची. पुष्कळ जण दुसरी विसरतात. छतासाठी आरसा धरून शिडीवर चढण्याची गरज नाही: कान आणि ट्वीटर एकाच उंचीवर असल्यास खूण दोघांच्या बरोबर मध्यावर येते. जमिनीवरही तीच जागा; तिथे जाड सतरंजी घाला.

आता पॅनेल खुणांवर उभी करा, भिंतीपासून ५ सेंमी सोडून. ५ सेंमीचे पॅनेल भिंतीला चिकटवले तर साधारण ५०० हर्ट्झच्या खाली त्याचा जोर ओसरतो. मागे पोकळी ठेवल्यास ते आणखी खालपर्यंत काम करते, कारण भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ शून्य असते. तंतू पकडतात ती हालचालच.

तरीही मोजणीत मूळ आवाजानंतर, समजा, ६ मिलिसेकंदांनी आलेखात उंच टोक दिसत असेल तर ते परावर्तन सुमारे २ मीटर जास्त फिरून आले आहे. स्पीकर ते माइक या अंतरात २ मीटर मिळवून तेवढी दोरी घ्या. टोके दोन्हीकडे धरा आणि मधून ताणत फिरवा. ताणलेली दोरी ज्या पृष्ठभागाला टेकेल तो गुन्हेगार. कित्येकदा ते कपाटाचे दार किंवा टेबलाचा वरचा भाग निघतो.

४. कोपरे

१० सेंमीची पॅनेल समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरकी उभी करा, मागे त्रिकोणी पोकळी राहू द्या. आलेखातली चढउतार फारशी बदलली नाही म्हणून निराश होऊ नका. फरक आधी स्वर विरण्याच्या वेळात दिसतो. ढोलकी किंवा बास गिटारचा ठोका संपल्यावर शेपूट राहते का, ते ऐका. खोल खड्डा मात्र कोपऱ्यातल्या पॅनेलने सहसा भरत नाही आणि इक्वलायझरने (ठरावीक सूर कमीजास्त करणाऱ्या सोयीने) वाढवून तर मुळीच नाही. तिथे खुर्ची सरकवणे हाच उपाय.

५. मागची भिंत

डोक्यामागे मीटरभराहून कमी जागा असेल तर जाड शोषकच ठेवा. डिफ्यूजरला (आवाज शोषण्याऐवजी विखुरणाऱ्या पॅनेलला) आवाज विखुरायला अंतर लागते: तो ज्या सर्वात खालच्या वारंवारतेवर काम करतो, तिच्या निदान तीन तरंगलांब्या. ५०० हर्ट्झला हे अंतर २ मीटर होते.

६. तुलना

एका वेळी एकच बदल, आणि डावीकडे केलेला बदल उजवीकडेही. गाण्याचे ३०-४० सेकंदांचे दोन तुकडे निवडा, एक गायनप्रधान, एक खर्जाचा. पॅनेल लावल्यावर आवाज किंचित कमी होतो आणि कानाला मोठा आवाज सहसा बरा वाटतो; माइकने दोन्ही वेळा पातळी जुळवा. मग पॅनेल काढून पुन्हा ऐका. लावताना न जाणवलेला फरक काढताना जाणवतो. डोळे मिटून बसा, पॅनेल आहे की नाही हे मदतनीसाने सांगू नये. दहापैकी निदान आठ-नऊ वेळा बरोबर ओळखले नाहीत तर ते पॅनेल दुसरीकडे हलवा.

आठवडाभर ऐकून जागा पक्की झाली की टेपच्या खुणांवर लाकडी ठोकळे लावा, म्हणजे मागची ५ सेंमीची पोकळी कायम राहील. छतावरची पॅनेल फक्त स्क्रूने नव्हे, चारही कोपऱ्यांना तारेनेही बांधा.