कबरीचा दगड बसवायचाय आणि भावंडांचं जमत नाहीये? आधी हे वाचा

वसईत आमच्या घरातले आणि नात्यातले मिळून पाच-सहा दगड मी उभे करून घेतलेत. लोक आधी डिझाईनचे फोटो बघत बसतात. ते सोडा, पहिलं पॅरिश ऑफिसात, म्हणजे आपल्या चर्चच्या कार्यालयात, जाऊन विचारा की कबर कायमची आहे का. मुंबईत जागेअभावी बऱ्याच सिमेट्रीत काही वर्षांनी तीच कबर परत उघडतात आणि हाडं निचमध्ये, म्हणजे भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात, ठेवतात, तिथे एवढा मोठा दगड करून काय करणार?

मग एक पावसाळा जाऊ द्या, माती बसते. घाईने बसवलेला दगड कलतो.

दगड काळा ग्रॅनाइट घ्या. संगमरवर आमच्याकडच्या पावसात शेवाळ धरतो, मग कोणीतरी शहाणा अ‍ॅसिडने धुतो आणि उरलीसुरली चकाकीही जाते.

आता मजकूर. भांडणं इथेच होतात, पैशावरून कमी.

बाबांच्या वेळी मी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, हे मात्र कधीच करू नका. कुवेतचा दादा म्हणाला इंग्रजीत कोरा, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, ताई म्हणाली बाबांनी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं त्यांच्यावर इंग्रजी कशाला, मग बायबलमधलं वचन कुठलं, मुलांची नावं कुठल्या क्रमाने, जावयाचं घालायचं का, दोन महिने हेच, आणि शेवटी दादाने ग्रुप सोडला. आणि आईला कोणी विचारलंच नव्हतं! तिला एवढंच हवं होतं की नावापुढे ‘मास्तर’ लिहा, सगळं गाव त्यांना तेच म्हणायचं.

तेव्हापासून माझा नियम: मागे राहिलेल्या आईला किंवा वडिलांना आधी विचारायचं, एकट्याने, घरी बसून. त्यांचा शब्द शेवटचा. मुलांची नावं घालायचीच नाहीत, ‘मुलं, सुना, जावई, नातवंडं’ म्हटलं की क्रमाचा प्रश्नच मिटतो. नाव दोन्ही लिप्यांत, वचन मराठीत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढंसुद्धा पुरतं, अख्खं स्तोत्र कोरलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात.

जन्मतारखेवरूनही वाजतं, कारण जुन्या लोकांची शाळेतली तारीख बरेचदा मास्तरांनी अंदाजे घातलेली. बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढून बघा, दोन मिनिटांचं काम.

सगळं ठरलं की एका कागदावर लिहून प्रत्येकाची सही घ्या, परदेशातल्याने सही करून फोटो पाठवायचा. हसतील, हसू दे. मग कारागिराकडून दगडाच्या मापाचा प्रिंट मागा आणि तो कागदावरच वाचा. मोबाईलवरून पाठवलेला मराठी मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात. दादाने फोनवर बघून ‘ओके’ केलं आणि बाबांच्या नावातला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही, दगड नवीन घ्यावा लागला, आणि पैसे कोणी भरायचे यावरून पुन्हा महिनाभर अबोला.

खालची अर्धी जागा आईसाठी कोरी सोडा. मुलांना ते अशुभ वाटतं, माझ्या आईने मात्र स्वतः बोटाने रेघ मारून दाखवली, इथपर्यंत त्यांचं, इथून माझं.

ऑर्डर ऑगस्टमध्येच द्या. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी सगळ्यांनाच दगड हवा असतो.