पाखरांची विष्ठा, बांडगूळ आणि होळीपूर्वीची कामे

माघ सरत आला की नागपूर परिसरातील बागायतदारांच्या पाखरांविषयीच्या तक्रारी वाढू लागतात. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री तोडणीला आलेली असतात आणि पोपट, बुलबुल नेमके गोड फळ टोचतात, शेडच्या पत्र्याखाली पारवे बस्तान मांडतात, ओलिताची टाकी उघडी असेल तर तिच्यात विष्ठा पडते आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडाखालचा भाजीचा वाफा पांढरा होऊन जातो. या तक्रारी खऱ्या आहेत व त्यांचे उपाय पुढे दिले आहेत. परंतु पाण्याने धुऊन जाणाऱ्या विष्ठेने झाड गेल्याचे मी पाहिलेले नाही. झाडे गेली ती फांदीला चिकटून राहिलेल्या विष्ठेमुळे, म्हणजेच तिच्यातून रुजलेल्या बांडगुळामुळे, आणि त्याकडे "नंतर पाहू" म्हणून केलेल्या दुर्लक्षामुळे.

बांडगुळाचे पिकलेले फळ लहान, लांबट व लालसर असते आणि त्यातील बीभोवती डिंकासारखा चिकट गर असतो. फुलटोच्या हा जेमतेम तीन इंचांचा पक्षी हे फळ आवडीने खातो. बी त्याच्या पोटात फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांतच बाहेर पडते, आणि चिकटपणामुळे ते अंगापासून सुटत नसल्याने पक्षी आपली पाठची बाजू फांदीवर घासून ते तिथेच चिकटवतो. कधीकधी अशा तीन-चार बिया एकाच धाग्यात ओवल्यासारख्या डहाळीवरून लोंबताना दिसतात. पाखरू इतक्या थोड्या वेळात फार दूर जात नाही, म्हणून नवे बांडगूळ बहुधा त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर येते. धुऱ्यावरच्या मोहावर किंवा कडुनिंबावर बांडगूळ असेल आणि तो धुरा सामाईक म्हणून कोणीच हात लावत नसेल, तर दोन्हीकडच्या आमराईला त्याची लागण होत राहते. तीनशेहून अधिक जातींच्या झाडांवर हे बांडगूळ वाढू शकते. आपल्याकडे आंब्यावर ते सर्वांत जास्त दिसते, मात्र चिकू व पेरू त्यातून सुटत नाहीत, आणि संत्र्याच्या जुन्या, दुर्लक्षित बागेतही मी ते पाहिले आहे.

आताच घाई का, असे अनेक जण विचारतात. त्याचे कारण ऊन आहे. बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात, पण पाणी ते यजमान झाडाच्या फांदीतूनच ओढते आणि त्या झाडापेक्षा जास्त पाणी पानांवाटे उडवते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा झाड आपले पाणी राखण्याची धडपड करते आणि बांडगूळ मात्र हात आखडत नाही. परिणामी बांडगुळाच्या पुढची फांदी आधी वाळते आणि बागायतदार त्याचा दोष ओलिताला किंवा खोडकिड्याला देतो. शिवाय हिवाळ्यात फुललेले बांडगूळ उन्हाळ्याकडे फळावर येते. फळ पिकण्यापूर्वी ते काढले नाही, तर पावसाळ्यात रुजणारी पुढची पिढी आपणच पाखरांच्या हाती देतो. म्हणून हे काम होळीपूर्वी उरकावे.

कळमेश्वरच्या बाजूला एका आमराईत सहा वर्षांपूर्वी मी दोन झाडांवर बांडगूळ दाखविले होते. मालकाने विळ्याने वरचा हिरवा पाला ओरबाडून काढला आणि काम झाले असे समजले. मागील उन्हाळ्यात पाहिले तेव्हा अकरा झाडांवर बांडगूळ होते, आणि पहिल्या दोन झाडांपैकी एकाचा शेंडा पूर्ण वाळला होता. त्याच फांदीवर जुन्या गाठीभोवती, म्हणजे बांडगूळ फांदीला जुळते त्या फुगवट्याभोवती, पाच नवे फुटवे, जाड व राखाडी झाक असलेल्या पानांचे, आंब्याच्या पानांतून वेगळे उठून दिसत होते.

पाला तोडणे म्हणजे बांडगूळ काढणे नव्हे. त्याची मुळे सालीखाली शिरलेली असतात आणि काही सालीवरून सरपटत पुढे जाऊन पुन्हा आत घुसतात. फांदी मनगटापेक्षा बारीक असेल तर गाठीपासून खोडाच्या दिशेने किमान एक फूट मागे करवतीने कापावी. कुऱ्हाड वापरू नये, कारण तिने फांदी चिरते. त्या फांदीवर मोहोर आहे म्हणून जीव तुटतो हे मला समजते, तरीही ती कापावी, कारण बांडगुळाच्या पुढच्या भागात फळ क्वचितच टिकते. जाड फांदीवर किंवा खोडावर गाठ असेल तर पटाशीने निरोगी लाकूड लागेपर्यंत ती कोरून काढावी आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. शिफारशीत मात्रा 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी अशी आहे, चार-दोन झाडांसाठी 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर पुरते. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नये. पेस्ट तयार झाल्यावर चकचकीत विळ्याचे टोक तिच्यात थोडा वेळ बुडवून पाहावे, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालावा.

कापलेले बांडगूळ बागेत टाकू नये. जमिनीवर पडलेले बी रुजत नाही हे खरे, पण फळे पाखरू तिथूनही उचलते. फळे नसलेला पाला बकऱ्या खातात, फळे असलेला भाग पुरून टाकावा. फांदीवर नुकतीच चिकटलेली बी दिसली तर ओल्या गोणपाटाने घासून काढावी. याची शिफारस मी कुठे वाचलेली नाही, परंतु माझ्या स्वतःच्या चार झाडांवर सलग दोन वर्षे हा उपाय लागू पडला आहे.

काही कृषी सेवा केंद्रांतून बांडगुळासाठी "टू-फोर-डी" तणनाशक दाट करून फवारण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. हेच रसायन संत्र्याच्या फळगळीसाठी संजीवक म्हणून वापरतात, तेव्हा 100 लिटर पाण्यात दीड ग्रॅम इतके मोजून घ्यावे लागते, यावरून त्याची ताकद लक्षात यावी. त्याचे वाऱ्यावर उडालेले तुषार कपाशीला तर मुळीच सोसत नाहीत. मी स्वतः एकदा अशाच एका दुकानदाराच्या भरवशावर पाखरांना पळविणारे, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे यंत्र घेतले होते. माणसाला ऐकू न येणारा तो उंच आवाज पाखरांनाही ऐकू येत नाही, हे मला नंतर कळले. तिसऱ्या दिवशी साळुंकी त्याच यंत्रावर बसून शिटली होती.

उरलेली नित्याची कामे अशी:
- शेडमधील वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी शिंपडून, नाक-तोंड बांधून खरवडावी, कारण तिच्या धुळीतून फुप्फुसाचे आजार होतात.
- गोळा केलेली विष्ठा ताजी वाफ्यात टाकू नये, रोपे करपतात. खतखड्ड्यात चांगली कुजवावी.
- रोपवाटिका व पालेभाजी पाखरांच्या रात्रीच्या बसण्याच्या झाडाखाली घेऊ नये. विष्ठा पडलेला पाला कच्चा खाऊ नये.
- टाकीवर जाळी किंवा झाकण ठेवावे. पिण्याची टाकी घासून भरल्यावर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम चांगले ब्लीचिंग पावडर मिसळून तासभर थांबावे.
- टाकीच्या भिंतीत विष्ठेतून उगवलेले पिंपळ, वड, उंबर बोटभर असतानाच मुळासकट काढावेत.
- टोचलेली फळे रोज वेचून पुरावीत. फळमाशी त्यांच्यावर वाढते.
- चमकपट्ट्या व बुजगावणे यांची जागा दर चार-पाच दिवसांनी बदलावी.
- जाळे ताणून बांधावे, सैल जाळ्यात पाखरू अडकून मरते. विष किंवा फास लावू नये. पोपट व मोर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

या यादीतील काम आठवडाभर लांबले तरी चालेल, बांडगुळाचे मात्र लांबवू नये. धुऱ्यावरचे मोह व साग या दिवसांत पाने टाकून उघडे होतात, तेव्हा त्यांच्यावरील हिरवा झुपका दुरूनही दिसतो. याच पंधरवड्यात एका सकाळी शेजाऱ्याला सोबत घेऊन धुरा फिरावा आणि ज्या झाडावर बांडगूळ दिसेल त्याच्या खोडाला गेरूचा पट्टा मारावा. बांडगूळ कापून झाल्यावरही तो पट्टा पुसू नये, कारण पोळ्याच्या सुमारास त्याच झाडांच्या गाठी पुन्हा तपासायच्या आहेत, आणि फुटवा बोटभर असेल तर तेव्हा साध्या चाकूनेही काम भागते.