सामाईक घरकुल उभारताय? आधी मासळीचं बोला

सामाईक घरकुलासाठी समविचारी शेजारी शोधायला निघालं की बहुतेकदा आपल्याच जातीची, आपल्याच भाषेची माणसं जमतात. जागा रिकामी झाल्याचं नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकाल तर नातेवाईकच येणार! देवळाच्या फलकावर लावा, चर्चच्या फलकावर लावा, बाजारातही तोंडी सांगा. देवनागरीतली चिठ्ठी पुरत नाही. आमच्या गोव्यात कितीतरी ख्रिस्ती घरांत कोकणी रोमी (रोमन) लिपीतच वाचतात.

डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन वसाहतीत सामाईक घरकुलाची ही पद्धत सुरू झाली: घरं स्वतंत्र, पण जेवणघर सामाईक. आमच्या फोंड्यात खरी परीक्षा त्या जेवणघरातच. म्हणून पहिल्या बैठकीत तत्त्वज्ञान नको, सवयी विचारा. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, कोण? श्रावणात मासळी कोण सोडतं, ईस्टरआधीच्या उपवासात मांस कोण? शिवराक स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवा, त्यांच्या कडीला हिरवी दोरी बांधा. आमच्याकडे सोमवारी खतखतं (मिश्र भाज्यांची आमटी) असतं, आणि सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, जीव असणारेही दुसऱ्यांदा वाढून घेतात.

एकमत फक्त चार गोष्टींवर हवं: पैसे, पाणी, पाहुणे, आणि भांडण झालं तर बोलायचं कुणी. हे लिहून सह्या घ्या. देव, मत, ताटातलं यावर एकमत मागू नका. 'आपल्यात बसणारी माणसं' असं कुणी म्हणालं की मी लगेच विचारते, म्हणजे नक्की कशात? बहुधा उत्तर येत नाही.

बैठक कोकणीत घ्या, इतिवृत्त दोन्ही लिप्यांत लिहा. घरात कन्नड बोलणारं कुटुंब असेल तर निर्णय त्यांना त्याच दिवशी समजावून सांगा. आठवड्याने सांगितलं तर फक्त हुकूम पोचतो.