दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळत होती

डिचोलीत आमच्या परसातल्या मांडवावर दुधीचा वेल भरभरून फुलला, पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायची. शेणखत वाढवलं, कडुनिंबाचं तेल फवारलं, सकाळी हाताने परागीकरणही केलं. दीड महिना जीव नुसता तळमळला. चूक वेळेची होती: दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं.

आता दिवेलागणीला ताजं नरफूल, म्हणजे नुसत्या लांब देठाचं, तोडते. पाकळ्या काढून पिवळी पूड बोटाला लागते का बघते. मग ज्या फुलाखाली लवदार इवलीशी दुधी असते, त्याच्या मधल्या भागावर सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवते. आठवड्याभरात फळ हिरवंगार राहून फुगलं की जमलं. पहिल्या दुधीला मोहरीची फोडणी, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं, बस्स.